मला लाइनवर घ्या

आमच्याकडं माणूस गेल्याची बातमी सरळ येत नाही. आधी कुणाचा तरी फोन येतो, 'तब्येत जरा जास्तच झालीय, निघा तुम्ही.' मग आपण एसटीत बसून पदरानं डोळे पुसतो आणि शेजारच्या बाईनं विचारलं तर तिलाही सांगतो, 'सीरियस आहेत.' आपल्याला कळलेलं असतं, फोन करणाऱ्याला कळलेलं असतं, कंडक्टरलाही कळलेलं असतं. तरी अंगणात माणसांची गर्दी दिसेपर्यंत सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं असा रिवाज आहे. माझ्या सासऱ्यांची बातमी मला अशीच आली, आईचीही अशीच. पण काही आठवड्यांमागं मी करमाडला शेतावर तूर बडवून घेत होते, तेव्हा पुतण्याचा, संजयचा फोन आला. तो म्हणाला, "मोठी आई, आई गेली. आत्ताच. बाबा आणि मी जवळ होतो, त्रास झाला नाही. तू एसटीनं येऊ नको, गाडी पाठवतो." एवढंच. मी पदरातल्या शेंगा खाली टाकल्या आणि खळ्यावरच बसले. रडू यायच्या आधी जे मनात आलं ते सांगते, हसायचं तर हसा... मला वाटलं, शाब्बास रे पोरा. बोललास. तिनं शिकवलं ते वाया नाही गेलं.

शकुंतला माझी धाकटी जाऊ. मी तिला शकू म्हणायचे, ती मला 'बाई' म्हणायची. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांना वय विचारा, ती अजून पोलीस ॲक्शनपासून, म्हणजे निजामाचं राज्य गेलं तेव्हापासून, मोजतात. त्या हिशेबानं मी ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षाची आणि ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी. मी शेतकऱ्याच्या घरातली, सातवी पास. ते 'पास' मी प्रत्येक वाक्याला लावायची, कारण करमाडच्या आमच्या गल्लीत तेव्हा तेवढीही पास झालेली सून दुसरी नव्हती. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात केवढे इमले बांधले होते! जाऊ येणार, माझ्या हाताखाली राहणार, मी बसून हुकूम सोडणार. आणि आली ती मॅट्रिक झालेली, शहरातल्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर! कानाला हेडफोन लावून दिवसभर जालना, परभणी, हैदराबाद जोडणारी. हुकूम सोडायचे राहिले बाजूला, ती घरी आली की मीच तिच्यापुढं चहा ठेवायची आणि आज कोणकोण बोललं ते विचारायची. ती कधी सांगायची नाही. "बाई, लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं, फक्त जोडायचं असतं," एवढंच म्हणायची. मला वाटायचं, भाव खातेय.

एकदा मी तिच्या ऑफिसाखालच्या बूथवरून तिच्याच मदतीनं करमाडच्या पोस्टात फोन लावला, सासऱ्यांना बोलावून घेतलं. पलीकडून त्यांचा 'हं' ऐकू आला मात्र... मी चटकन डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. शकूनं ते काचेतून बघितलं. पुढं कितीतरी वर्षं, मी काही शहाणपण शिकवायला गेले की ती नुसता डोक्यावर पदर घ्यायची आणि भिंतीकडं बघायची. माझं तोंड बंद. पण तिचीही एक गंमत होती. साऱ्या जिल्ह्याची नावं खणखणीत घेणारी ही बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. भाऊजी शेती खात्यात होते, बदलीच्या गावाहून ट्रंक लावायचे. पलीकडच्या ऑपरेटरनं 'कोणाचा कॉल' विचारलं की ही म्हणायची, 'आमच्या घरचा.' तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या जुबेदाआपा मग मुद्दाम ओरडायच्या, "नाम तो लेव, नई तो लाइन नई मिलती!" तरी नाही. लाइन मिळायची, नाव नाही मिळायचं.

ही सगळी जुनी मजा. निवृत्तीनंतर ती शहरातच, पुंडलिकनगरात राहायची, संजय वाळूजला एका कंपनीत नोकरीला. मी मधूनमधून जायची. एका वर्षी मला वाटायला लागलं की शकूचं बोलणं बदललंय. पळी मागायची असली की "ते... ते द्या ना" म्हणून हात हलवायची. सांडशीला चिमटा म्हणायची. बोलता बोलता थांबायची आणि चिडायची. घरात सगळ्यांचं आपापलं निदान तयार. भाऊजी म्हणाले, वय झालं. संजय म्हणाला, टेन्शन. आणि सातवी पास मी म्हणाले, मोबाइलनं असं होतं, तो उशाशी घेऊन झोपत जाऊ नको. डॉक्टरकडं जावं असं एकालाही सुचलं नाही. कुणी चालता चालता लंगडायला लागलं तर आपण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेतो. बोलता बोलता लंगडलं तर म्हणतो, वय झालं.

मग एका दुपारी भाजी निवडताना तिचा उजवा हात झटके द्यायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती आडवी झाली. मी काय केलं? दारातली चप्पल उचलली आणि तिच्या नाकाशी धरली. आमच्या आजीनं केलं, आईनं केलं, म्हणून मीही केलं. ती शुद्धीवर आली, बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि मग शब्द शोधत शोधत म्हणाली, "बाई... चप्पल... कुणाची? त्याला... पाय धू म्हणावं." पुढं डॉक्टरीणबाईंनी मला ऐकवलं ते वाचणाऱ्यांनीही ऐकून ठेवा: झटके आले की माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं दूर करायचं, घड्याळाकडं बघायचं, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, दवाखान्यात न्यायचं. चप्पल पायात घालायची, ती पळायला लागते.

दवाखान्यात मेंदूचा एमआरआय काढला. डाव्या बाजूला गाठ निघाली, जिथून माणूस बोलतो त्या जागेला अगदी खेटून. संजय फिल्म घेऊन जिन्याखाली उभा होता, भाऊजींना आणि मला त्यानं तिथंच गाठलं. "आईला काही कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "तिला सांगायचं, थोडं रक्त गोठलंय. ती खचून जाईल. काय करायचं ते मी बघतो." भाऊजींनी मान हलवली. मीही हलवली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, खरं सांगते. आपल्यात ह्यालाच माया म्हणतात. रोग्यापासून रोग लपवायचा, आणि साऱ्या भावकीला फोन करून सांगायचा!

पण मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे येतं पण पचत नाही. मी तिच्याकडंच मुक्काम ठोकला आणि तिची सेवा सुरू केली. पाय चेपते काय, वेणी घालते काय, सकाळी उठून साजूक तुपातला शिरा करते काय. तिनं तीन-चार दिवस निमूट खाल्लं. मग एका सकाळी वाटी बाजूला सारली आणि सावकाश, एकेक शब्द जमवत म्हणाली, "बाई, सण नाय, वार नाय. तुम्ही मला शिरा करून घालताय. म्हणजे मी... मरायला टेकले व्हय?"

मी म्हणाले, "काहीतरीच. रक्त गोठलंय जरासं."

"कुठं?"

"अगं... डोक्यात."

"मग शिऱ्यानं पातळ होतं का ते?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि सगळा कारभार तिथंच संपला. तिनं भाऊजींना हाक मारली, संजयला कामावरून बोलावून घेतलं. दिवाणखान्यात सगळे बसलो. तेव्हा तिला एक वाक्य पुरं करायला फार वेळ लागायचा, पण त्या दिवशी ती घाई करत नव्हती. "मी सारी नोकरी... लोकांचे कॉल जोडले," ती म्हणाली. "कोण कुणापासून काय लपवतंय, आवाजावरून कळतं. ह्या घरात आठवडाभर... माझ्याबद्दल कॉल चाललेत. मला सोडून." संजय रडायला लागला. "आई, तुला त्रास होऊ नये म्हणून..." तिनं हात वर केला. "त्रास मलाच होतोय ना? मग मला लाइनवर घ्या."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः डॉक्टरीणबाईंपुढं बसली. बाई चांगल्या, पण त्यांनाही आमच्यासारख्यांचीच सवय झालेली. बोलत होत्या संजयशी. शकूनं टेबलावर बोटानं टकटक केलं. "मॅडम, इकडं बघा. गाठ इकडं आहे." बाई हसल्या आणि खुर्ची वळवून घेतली. तिथून पुढं त्या तिच्याशीच बोलल्या. म्हणाल्या, ही गाठ चिंचोक्यासारखी वेगळी निघत नाही, तिचे धागे आजूबाजूला गेलेले असतात. शकूचं माहेरही शेतीचं. ती म्हणाली, "कुंदा हाय म्हणा की, रानातलं तण. वरून कापला तरी मुळी राहते." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. म्हणून आधी ऑपरेशन करून जेवढी निघेल तेवढी काढायची, मग उरलेल्यावर शेक, म्हणजे रेडिएशन द्यायचं आणि गोळ्या द्यायच्या. बरी होईल असं मी म्हणणार नाही. पण वेळ मिळेल, आणि तो वेळ चांगला जावा हे आपण बघू." किती वेळ, हे शकूनं विचारलं. बाईंनी आकडा दिला नाही. म्हणाल्या, दुसऱ्याचा आकडा तुम्हाला लागू पडेलच असं नाही. वर्षांत नको, महिन्यांत बोलू या, एकेक टप्पा आला की पुढचा सांगत जाईन, काही लपवणार नाही. मला वाटलं होतं शकू खचेल. ती तर पाठ ताठ करून बसली. इतके दिवस जे अंधारात चाचपडत होती, त्याला नाव मिळालं होतं.

खरा पेच पुढं होता. गाठ बोलण्याच्या जागेजवळ. जास्त काढावी तर वाचा जायची भीती. कमी काढावी तर गाठ लवकर वाढायची भीती. बाई म्हणाल्या, एक वाट आहे. ऑपरेशनच्या मधल्या भागात रोग्याला जागं करायचं, बोलतं ठेवायचं. कवटीवरची कातडी बधिर केलेली असते आणि मेंदूला स्वतःला दुखत नाही. चित्रं दाखवायची, नावं सांगायला लावायची. ज्या जागेला हात लावल्यावर शब्द अडेल ती जागा सोडून द्यायची. संजय म्हणाला, "जागं ठेवून डोकं उघडणार?" मीही मनात राम राम म्हणत होते. शकू म्हणाली, "झोपेत कुणाला कॉल जोडता येतो का?" आणि मग तिनं आपली अट घातली. "जिथं शब्द अडंल, तिथं थांबायचं. गाठ राहिली तर राहू द्या." संजय म्हणाला, "आई, आधी जगणं बघ ना. बोलण्याचं नंतर बघू." ती त्याच्याकडं वळली. "मुकं राहून जगायचं आणि तुझ्या बापाशी खुणेनं भांडायचं? मला नाय जमायचं. थोडं कमी जगंन... पण बोलंन." भाऊजी म्हणाले, "तिचं डोकं आहे. तिची अट राहू द्या." आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोच्या बाजूनं लेकासमोर बोलले असतील.

ऑपरेशनआधी वाचा तपासणारी एक तरुण मुलगी यायची. कोणती भाषा बोलता, तिनं विचारलं. शकू म्हणाली, "घरी मराठी, कामावर उर्दू-हिंदी, भांडताना दोन्ही." मग दोन्ही भाषांत चित्रं ओळखणं सुरू झालं. कंगवा, कुलूप, बैलगाडी, सुई... बरीच आली, काही अडली. आणि मग त्या मुलीनं विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा." शकू गप्प. खाली बघायला लागली. मुलीनं पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मुलीनं कागदावर काहीतरी खूण केली, संजय घाबरून मुलीकडं बघायला लागला, आणि मी जी हसत सुटले ते मला बाहेर नेऊन बसवायची वेळ आली. "अहो मॅडम," मी म्हणाले, "ते गाठीनं नाही अडलं! हिनं लग्न झाल्यापासून कधी ते नाव तोंडातून काढलं नाही!" मुलगी आधी बुचकळ्यात पडली, मग गंभीर झाली. म्हणाली, "आजी, ऑपरेशन टेबलावर मी हेच विचारलं असतं आणि त्या गप्प बसल्या असत्या, तर मला कसं कळलं असतं की शब्द अडला का लाज अडली? सर्जन तिथं थांबले असते." मग माझं हसू पळालं. शकूनं फर्मान काढलं, "तो प्रश्न काढून टाका. बाकी साऱ्या दुनियेची नावं विचारा." म्हणून सांगते, तपासणाऱ्याला आपल्या घरच्या रीतीभाती सांगून ठेवाव्यात. माझंही तेच आहे म्हणा. हा लेख शेवटपर्यंत वाचलात तरी करमाडच्या थोरल्यांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, नाव तुम्हाला सापडायचं नाही.

ऑपरेशन झालं त्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर. आतलं सगळं त्या मुलीनं नंतर सांगितलं. शकू जागी झाली, चित्रांची नावं सांगत राहिली. एका जागी कुलपाचं चित्र समोर होतं आणि तोंडून काहीच येईना. सर्जननं हात थांबवला. थोड्या वेळानं शब्द परत आला तशी ती म्हणाली, "लाइन कटली व्हती. आता लागली. कुलूप." तिथं खूण करून ते दुसऱ्या बाजूनं गेले. बरीचशी गाठ निघाली, थोडी तिच्या अटीप्रमाणं तिथंच राहिली. पुढचे काही दिवस तिचं बोलणं एकदम गेलं. पण हे सुजेमुळं आहे, सूज उतरली की बरंचसं परत येईल, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि तसंच झालं. आधी आकडे आले, मग शिव्या, मग आम्ही. सूज उतरवायच्या गोळ्यांनी तिची भूक वाढली, चेहरा भाकरीसारखा गोल झाला, साखर वाढली. चिडचिडही वाढली, ती गोळ्यांची आहे, तिची नाही, हे एकदा कळलं की आपण उलटं बोलत नाही. म्हणजे मी दोन-तीनदा बोलले, मग बंद केलं.

तपासणीत गाठ अगदी वाईट जातीची निघाली. तेही तिला पहिल्याच दिवशी कळलं, आमच्याबरोबरच. मग दीड महिना शेक. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात, गरम पाण्यातून काढून ओला असतानाच तोंडावर बसवतात, आणि रोज तो टेबलाला अडकवून माणसाला हलू देत नाहीत. पहिल्या दिवशी तिचा जीव घाबरा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं मशीन चालवणाऱ्या माणसाला सांगितलं, "सुरू करताना आणि संपताना मला हाक मारत जा, म्हणजे कळंल पलीकडं कुणीतरी आहे." तो रोज हाक मारायचा. गोळ्या उपाशीपोटी, त्याआधी उलटीची गोळी. त्याचं वेळापत्रक भाऊजींनी सांभाळलं. ज्या माणसानं घरात पाण्याचा तांब्या कधी उचलला नव्हता, तो बायकोला उठवायच्या आधी गोळी सोलून वाटीत ठेवायचा. शकू म्हणायची, "गाठ झाली ते एका अर्थी बरंच झालं, नवरा कामाला लागला."

त्या शेकाच्या दालनात तिनं एक उद्योग आरंभला. तिथं बाकांवर रोगी आणि नातेवाईक दाटीनं बसलेले; नातेवाईक कोपऱ्यात कुजबुजतात, रोगी भिंतीकडं बघतो. एक चाचा यायचे, टोपी घालून, कायम गप्प. त्यांचा जावई फाइल छातीशी धरून उभा राहायचा. शकूनं त्याला एक दिवस विचारलंच, "बताए क्या इनको, क्या हुआ सो?" तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "नई खाला, उनकू कायकू टेन्शन." ती म्हणाली, "टेन्शन उनके सर में है, मियाँ, तुमारी फाइल में नई. बताव." तो चिडला, दोन दिवस तिच्याकडं बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी चाचा स्वतःच तिच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "सुने तुम बोले, तो बताया कमबख्त. अब नींद आती." मग त्या दोघांचं हैदराबादपासून पैठण गेटपर्यंत सगळं बोलणं व्हायचं. मी शेजारी विणत बसायची. सगळ्यांनाच सगळं सांगावं असं मी म्हणत नाही; एखादा म्हणतो, मला नका सांगू. पण विचारावं तरी. आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.

दोन दिवाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवाळीत तिनं चकल्यांचं पीठ बिघडवल्याबद्दल मला दोन्ही भाषांत सुनावलं, एक शब्द न अडता. मी तो अपमान जपून ठेवलाय. दिवाळीनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ परत वाढलेली निघाली. ह्या वेळी जिन्याखाली कुणी उभं राहिलं नाही. संजय घरी आला, आईसमोर स्टूल ओढून बसला आणि तिचे दोन्ही हात धरले. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. शकूनं घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "आई... परत आलीय." ती म्हणाली, "व्हय? बरं. मग आता चहा ठेव, आणि बस." चहा पिऊन तिनं सगळं नीट विचारून घेतलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, आणि सांगितलं की आता पुन्हा ऑपरेशन नको. दुखू नये, झटके येऊ नयेत, घरी राहता यावं, एवढं बघा. बाई म्हणाल्या, तेही उपचारच आहेत. ते आम्ही शेवटपर्यंत करू. त्यांनी केले.

मग हळूहळू शब्द जायला लागले. माझी खरी परीक्षा तेव्हा झाली. मी जन्माची बोलघेवडी, समोरचा अडला की त्याचं वाक्य पुरं करून टाकायची. त्यातच मला माया वाटायची. त्या वाचेच्या मुलीनं मला दटावलं. "आजी, त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. थांबा. हो-नाहीनं उत्तर देता येईल असं विचारा. एका वेळी एकानंच बोला, टीव्ही बंद करा." थांबणं म्हणजे काय ते मला म्हातारपणी कळलं. शकू 'पा... पा...' करायची, मला दिसायचं की तिला पाणी हवंय, जीभ शिवशिवायची, आणि मी स्वतःच्या मांडीला चिमटे काढत बसायची. एकदा मी न राहवून "पाणी!" म्हणून ओरडले. तिनं शांतपणे मान हलवली, नाही. आणि मग मोठ्या कष्टानं म्हणाली, "पा...पड." तिला पापड खायचा होता! बारा गावांचं पाणी पाजलं असतं मी तिला, आणि पापड राहिला असता.

शेवटची भेट साधीच. तूर काढायला मला दोन दिवस करमाडला जायचं होतं. ती खिडकीशी बसलेली होती. मी सांगितलं, "शकू, जाते, परवा येते. मी नसताना काही झालं तर?" असं तोंडावर विचारायचं आम्ही शिकलो होतो. ती खूप वेळ शब्द शोधत राहिली. मी थांबले. देवाशपथ थांबले. मग तिनं हात उचलून माझा गाल थोपटला आणि शब्द सापडल्यासारखी म्हणाली, "जा." मी गेले.

तेराव्यानंतरही मी करमाडला परतले नाही, भाऊजींना सोबत म्हणून पुंडलिकनगरातच राहिले. परवा मागच्या गल्लीतला एक मुलगा आला, बँकेत असतो म्हणे, हातात एमआरआयची मोठी पिशवी. म्हणाला, "आजी, तुमच्याकडं हे सगळं झालंय म्हणून विचारायला आलो. आईचं आहे. ऑपरेशन करावं का, कुठं करावं, जागं ठेवतात म्हणजे काय... पण तिला यातलं काही माहीत नाहीये. कळू द्यायचंही नाहीये." माझ्याकडं सांगण्यासारखं केवढं होतं! तोंड उघडलंही होतं मी. मग मिटलं. विचारलं, "आई कुठंय?"

"खाली रिक्षात बसवलीय. तिला म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारून येतो."

मी म्हणाले, "वर घेऊन ये तिला."

"अहो पण आजी..."

"तिला विचार तरी, ऐकायचंय का नाही. नाही म्हणाली तर दोघं रिक्षानं परत जा, मी काही बोलणार नाही. तू जात नसशील तर मी जाते. पण माझे गुडघे दुखतात, आणि जिन्यात मी फार मोठ्यानं बोलते."

तो गेला. बराच वेळ कुणी येईना. मी शकूच्या खोलीत जाऊन तिची खुर्ची खिडकीपासून सरकवून मधोमध आणली. मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, कठड्याला धरत. माझ्याच वयाची बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. तिनं आधी मला न्याहाळलं, मग लेकाच्या हातातली ती पिशवी काढून घेतली, शकूच्या खुर्चीत बसली आणि ती स्वतःच्या मांडीवर ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, म्हणजे तसं काही विशेष नाहीये, थोडं..."

"तू थांब जरा," ती म्हणाली. "कवाची रिक्षात बसून वाट बघतेय, कुणी वर बोलवतंय का." आणि माझ्याकडं वळून पुढं सरकून बसली. "बोला बाई."